घराजवळचं मोठं झाड उतरवण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहिती

घरालगतचं मोठं झाड काढायचं ठरलं की फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘कापायला किती घ्याल?’ कापणं हा या कामातला सोपा भाग आहे. कापलेला तुकडा कुठे जाणार, त्याचं वजन कशावर पडणार आणि तो जमिनीपर्यंत कसा येणार, यातच सगळं कौशल्य आणि बहुतेक खर्च असतो. म्हणून आम्ही आपसात या कामाला ‘झाड उतरवणं’ म्हणतो.

ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज नुसत्या नजरेने येत नाही. अर्धा मीटर जाड खोडाचा अवघा १ मीटर लांबीचा ओंडका झाडाच्या जातीनुसार साधारण १५० ते २०० किलो भरतो. तो छपरावर सुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. दोराला बांधलेला असला तरी थोडा खाली पडून अचानक अडला, तर दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

आधी झाड बघू द्या

फोटोवरून आम्ही दर सांगत नाही. प्रत्यक्ष येतो, बुंध्याभोवती फिरतो, खोडावर लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. बुंध्याशी उगवलेली अळंबी, एका बाजूने उचललेली किंवा भेगाळलेली माती, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात पडलेली चीर, ही खरी काळजीची लक्षणं. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड बहुधा त्या बाजूला स्वतःला सावरून घेतं. सरळ उभं असलेलं झाड मात्र अलीकडे कलू लागलं असेल, तर थांबू नका, लगेच कळवा.

खोड पोकळ आहे एवढ्यावरून झाड काढायचा निर्णय घेऊ नये. बाहेरचं निरोगी लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ झाडही वर्षानुवर्षं उभं राहतं. पुष्कळदा छपरावरची एक जड फांदी आखूड केली की भागतं. तसं असेल तर आम्ही तेच सुचवतो. वाढलेलं झाड पुन्हा मिळायला एक आयुष्य लागतं, त्यामुळे ते वाचण्यासारखं असेल तर आम्हाला मनापासून वाचवायचं असतं. फक्त ‘सगळा शेंडाच छाटून टाका’ असं सांगू नका. अशा छाटणीनंतर येणारे धुमारे वरवर जोडलेले असतात, भराभर वाढतात आणि पुढे तेच मोडून पडतात.

जमीन चिकण मातीची असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. मोठं झाड मातीतलं पाणी सतत शोषतं. ते काढल्यावर माती हळूहळू ओल धरून फुगते आणि पायावर वर ढकलणारा दाब येऊ शकतो. घर झाडानंतर बांधलेलं असेल तर ही शक्यता जास्त. अशा ठिकाणी आधी बांधकामाच्या अभियंत्याचा सल्ला घ्या.

काम कसं चालतं

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत मोकळी जागा असेल तर झाड बुंध्याशी कापून एकसंध पाडता येतं. पडायच्या बाजूला खाच घेतात, मागून काप देतात आणि मध्ये लाकडाची पट्टी राखतात. तिची जाडी खोडाच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या बुंध्याला सुमारे ६ सेंटीमीटर. ही पट्टी बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. झाड वाळलेलं किंवा कुजलेलं असेल तर तिचा भरवसा नसतो, म्हणून ‘वाळकंच तर आहे’ म्हणून ते काम हलकं समजू नका.

घराजवळ एवढी जागा जवळपास कधीच नसते. मग चढणारा माणूस फांदी दोराने बांधून कापतो, दोर कप्पीतून खाली येऊन बुंध्याला वेढे घेतो आणि खालचा माणूस तो सैल सोडत फांदी अलगद उतरवतो. चढणाऱ्याइतकाच हा खालचा माणूस महत्त्वाचा. वर सुरक्षित बांधून घ्यायला किंवा दोर टाकायला जागाच नसेल, तर क्रेन किंवा माणसाला टोपलीत उभं करून वर नेणारी बकेटची गाडी लागते.

दुसऱ्या कुणी अर्धवट सोडलेली झाडंही आमच्याकडे येतात. खालच्या सोप्या फांद्या काढून झालेल्या असतात, सगळं वजन शेंड्याला, उभं राहायला आधार नाही आणि खोड वाऱ्यावर डुलतंय. असं काम पहिल्यापेक्षा धोक्याचं आणि महाग पडतं. हाती घेतलेलं झाड पूर्ण उतरवणाऱ्यालाच काम द्या.

काम देण्यापूर्वी विचारा

आमच्यासकट प्रत्येकाला विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. कामगारांचा विमा आहे का? घराचं किंवा शेजाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा आहे का? विम्याची कागदपत्रं मुदतीसह स्वतः पाहा. दरात ओंडके हलवणं, पालापाचोळा उचलणं आणि बुडखा काढणं धरलंय का? या तीन गोष्टींवरूनच सर्वात जास्त वाद होतात. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका.

झाड तोडायला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, खासगी जागेतलं असलं तरी. अर्ज कुणी करायचा ते आधीच ठरवून घ्या. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबता येईल का, हेही आम्ही तुमच्याशी बोलतो.

विजेची तार फांद्यांतून किंवा जवळून जात असेल तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय आम्ही झाडावर चढत नाही. ओली फांदी वीज वाहून नेते, आणि उच्च दाबाच्या तारेला तर स्पर्श व्हायचीही गरज नसते.

कामाच्या दिवशी

गाड्या, कुंड्या, वाळत घातलेले कपडे आदल्या रात्रीच हलवा. शेजाऱ्यांना कळवा. मुलं आणि पाळीव जनावरं घरात राहू द्या. मदत म्हणून दोर धरायला कृपया येऊ नका. वारा वाढला तर आम्ही काम थांबवू. त्या दिवसाचे जादा पैसे लागत नाहीत.

बुडखा

यंत्राने तो जमिनीखाली १५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत भुसा करून काढता येतो. त्यासाठी तिथून जाणाऱ्या पाण्याच्या, गॅसच्या नळ्या आणि केबल आम्हाला आधी दाखवा. खालची मुळं जागीच कुजतात, त्यामुळे पुढची काही वर्षं तिथली माती थोडी खचेल, अळंबीही उगवतील. नवीन रोप लावायचं असेल तर जुन्या जागेपासून थोडं बाजूला लावा. ते पूर्ण वाढल्यावर घरापासून किती अंतर हवं, हे झाड बघायला येऊ तेव्हाच विचारून घ्या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.