कीलेस एंट्री आणि गाडीची स्मार्ट चावी

मोटारगाडीचं दार चावी न फिरवता उघडणं आणि पुढे इंजिनही चावी न घालता चालू करणं, या सगळ्या व्यवस्थेला मिळून कीलेस एंट्री म्हणतात. बोलताना रिमोट, स्मार्ट की, सेन्सरवाली चावी हे सगळं एकाच अर्थाने चालतं, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर इतिहासही कळत नाही आणि चोऱ्या कशा होतात तेही कळत नाही. पहिली म्हणजे बटण दाबून लांबून दार उघडणारा रिमोट. दुसरी म्हणजे इमोबिलायझर, यात चावीच्या डोक्यात एक चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय गाडी इंजिन चालू होऊ देत नाही. आणि तिसरी पॅसिव्ह व्यवस्था, चावी खिशातच ठेवायची, हँडलला हात लावला की दार उघडतं, आत बसून बटण दाबलं की इंजिन चालू. आज या तिन्ही एकाच प्लास्टिकच्या तुकड्यात बसवलेल्या असतात, पण जन्म तिघींचा वेगवेगळा आणि कमजोरीही वेगवेगळी.

पहिली कीलेस गाडी कोणती यावर एकमत नाही. अमेरिकन लेखनात बहुतेक वेळा मान फोर्डला दिला जातो, कारण १९८० च्या मॉडेलच्या थंडरबर्ड आणि काही लिंकन गाड्यांवर ड्रायव्हरच्या दारापाशी पाच बटणांचा कीपॅड होता, ठरलेले आकडे दाबले की दार उघडायचं. युरोपातले लेखक रेनो फ्युएगोचं नाव घेतात. या गाडीवर साधारण १९८२ च्या सुमारास हातात धरायच्या छोट्या ट्रान्समीटरने चालणारं सेंट्रल लॉकिंग आलं, त्याचं श्रेय पॉल लिप्शुट्झ यांना देतात, आणि १९८३ मध्ये तशीच सोय अमेरिकन मोटर्सच्या रेनो अलायन्सवर ऑप्शन म्हणून मिळू लागली. दोन्ही दावे आपापल्या जागी खरे आहेत, पण आजच्या चावीचा वंश शोधायचा असेल तर फ्युएगोचा दावा जास्त पटतो, कारण कीपॅडमध्ये जवळ बाळगायचं असं काहीच नाही, आकडे लक्षात ठेवायचे एवढंच, आणि आजची सगळी व्यवस्था उभी आहे ती जवळ बाळगलेल्या वस्तूवर.

पॅसिव्ह चावीबद्दलही असाच वाद आहे. १९९३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये जवळ गेलं की दार आपोआप उघडायचं आणि लांब गेलं की लॉक व्हायचं, बटण दाबायची गरज नव्हती, म्हणून बरेच जण तिलाच पहिली धरतात. पण त्या गाडीचं इंजिन मात्र नेहमीच्याच चावीने चालू करावं लागायचं, आणि त्या चावीच्या पात्यावर एक छोटा रेझिस्टर, म्हणजे वीज ठराविक प्रमाणात अडवणारा भाग, होता आणि तो जुळला तरच इंजिन चालू व्हायचं, ही जनरल मोटर्सची १९८६ पासूनची चोरीविरोधी युक्ती. हे रेझिस्टर होते फक्त १५ प्रकारचे, म्हणजे १५ वेगवेगळ्या चाव्या जवळ ठेवल्या की कधी ना कधी जमणारच. दार आणि इंजिन दोन्ही खिशातल्या चावीवर चालवणारी गाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझची एस-क्लास, डब्ल्यू २२० पिढी. तिच्यावर कीलेस-गो नावाची सोय आली ती काही ठिकाणी १९९८ तर काही ठिकाणी १९९९ अशी नोंदलेली आहे, मूळ काम सीमेन्सचं मानलं जातं. पूर्ण अर्थाने कीलेस म्हणायचं तर हीच पहिली धरणं योग्य वाटतं.

सुरुवातीचे रिमोट दर वेळी तोच कोड पाठवायचे. कोणी तो एकदा रेकॉर्ड केला की झालं, पुन्हा वाजवायचा आणि दार उघडायचं. यावर उपाय म्हणून रोलिंग कोड आला, म्हणजे दर वेळी बदलणारा कोड, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे कीलॉक. हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत तयार झाला, त्यामागे विलेम स्मिट आणि गिडियन कून ही नावं येतात, आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने तो १ कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतला. यात चावीत आणि गाडीत एकेक काउंटर, म्हणजे मोजणीचा आकडा, असतो, बटण दाबलं की चावीचा काउंटर एकाने पुढे जातो, मग तो ६४ बिटांच्या गुप्त कीने, म्हणजे गुप्त आकड्याने, ५२८ फेऱ्यांतून गुंडाळून ३२ बिटांचा आकडा करून पाठवला जातो. गाडी तो उलगडते आणि बघते की काउंटर मागच्यापेक्षा पुढचा आहे ना. आता रिमोट खिशात दाबला गेला, लहान पोराने घरात बसून बटणं दाबली, तर चावी पुढे जाते आणि गाडी मागे राहते, म्हणून गाडी पुढचे १६ आकडे सहज स्वीकारते, त्यापेक्षा जास्त फरक पडला तर लागोपाठ दोनदा बटण दाबावं लागतं, दोन्ही आकडे ओळीने आले की गाडी आपला काउंटर जुळवून घेते. रिमोट पहिल्यांदा चालला नाही आणि दुसऱ्यांदा चालला, असं होतं त्याचं एक कारण हेही असू शकतं.

कीलॉक शेवटी फुटला. २००७ पासून गणिती हल्ले प्रसिद्ध होऊ लागले, पण खरा दणका दिला तो २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी. चिप काम करताना किती वीज खाते ते मोजून त्यांनी रिसीव्हरमधून उत्पादकाची मुख्य कीच काढली, आणि ती एकदा हाती आली की त्या उत्पादकाच्या कुठल्याही रिमोटचे फक्त दोन संदेश लांबून ऐकून त्याची नक्कल करता येते. २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक सॅमी कामकर यांनी त्याहून साधी युक्ती दाखवली, कोड फोडायचाच नाही, सिग्नल जॅम करून तो गाडीपर्यंत पोचू द्यायचा नाही आणि आपण रेकॉर्ड करायचा, मालक वैतागून परत बटण दाबतो तेव्हा दुसराही रेकॉर्ड करून पहिला सोडून द्यायचा. दार उघडतं, मालक निघून जातो आणि न वापरलेला दुसरा कोड चोराकडे राहतो.

इमोबिलायझरचा परिणाम सगळ्यात ठोस दिसतो. युरोपात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, कॅनडात २००७ च्या सप्टेंबरपासून, अमेरिकेत मात्र अशी सक्ती झाली नाही. तिथे २०१५ सालच्या ह्युंदाई आणि किया मॉडेलांपैकी फक्त २६ टक्क्यांत इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता, बाकी कंपन्यांत हे प्रमाण ९६ टक्के, आणि २०२२ मध्ये नेमक्या याच गाड्या चोरायचे व्हिडिओ पसरले, स्टेअरिंगखालचं कव्हर काढून यूएसबीच्या टोकाने इग्निशन फिरवायचं, बस. चिपमधले कोडही अभेद्य नव्हते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीएसटी चिपची की फक्त ४० बिटांची होती, ती २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबच्या लोकांनी फोडली. मेगामॉस या दुसऱ्या इमोबिलायझर चिपची कमजोरी दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये फोक्सवॅगनने इंग्लंडच्या कोर्टातून थांबवला, तो छापून यायला २०१५ उजाडलं.

पॅसिव्ह व्यवस्थेत हँडलला हात लागला की नक्की काय होतं ते बघण्यासारखं आहे. हँडलमधला सेन्सर बोटं ओळखतो, गाडीच्या दारांत, डिकीत आणि आत बसवलेले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात, ही हाक मुद्दाम मीटर-दोन मीटरपर्यंतच पोचेल अशी ठेवलेली असते. चावीत तीन दिशांना गुंडाळलेली तारेची तीन वेटोळी असतात, म्हणजे चावी खिशात कशीही आडवीतिडवी पडली तरी एखादं तरी वेटोळं हाक पकडतंच. चावी जागी होते, गाडीने विचारलेल्या आकड्यावर गुप्त गणित करते आणि उत्तर पाठवते ते मात्र ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, जे कितीतरी मीटर लांब जाऊ शकतं. कुठल्या अँटेनाची हाक किती जोरात ऐकू आली त्यावरून चावी आत आहे की बाहेर ते ठरतं. हे सगळं माणूस हँडल ओढेपर्यंत उरकलेलं असतं.

आणि खरी मेख इथेच आहे. गाडी चावी खरी आहे का हे नीट तपासते, पण चावी जवळ आहे हे ती कधी मोजतच नव्हती, हाक ऐकू आली म्हणजे जवळच असणार असं धरून चालत होती. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या ऑरेलियां फ्रान्सियों, बोरिस दानेव आणि स्र्ज्यान चाप्कुन यांनी ८ उत्पादकांच्या १० गाड्यांवर हे दाखवून दिलं. एक अँटेना गाडीपाशी, दुसरा चावीच्या जवळपास, मधे केबल किंवा रेडिओ, गाडीची हाक तशीच उचलून चावीपर्यंत न्यायची, यालाच रिले म्हणतात. दहाच्या दहा गाड्या उघडल्या आणि चालूही झाल्या. यात कुठलाही कोड फोडलेला नाही, गुप्त की कितीही बिटांची केली तरी हा हल्ला थांबत नाही, आणि म्हणूनच कोड फोडण्याच्या सगळ्या गाजलेल्या कथांपेक्षा हा जास्त महत्त्वाचा मानायला हवा.

त्यावरचे सोपे उपाय म्हणजे चावी सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाऊचमध्ये ठेवणं, गाडीच्या सेटिंगमधून पॅसिव्ह सोय बंद करणं, किंवा मोशन सेन्सरवाली चावी, जी काही काळ हलली नाही की झोपते आणि हाकेला ओ देत नाही. मुळावरचा उपाय म्हणजे अल्ट्रा वाइडबँड, यात सिग्नलला जायला-यायला लागलेला वेळ मोजतात, रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते त्यामुळे मधे रिले घातला की उशीर लगेच उघडा पडतो. याचं मानक २०२० मध्ये आलं आणि कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम या गाडी आणि फोन कंपन्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये ते डिजिटल कीच्या तिसऱ्या आवृत्तीत घेतलं, ज्यात फोनच चावी होतो. पण गाडीत ही चिप आहे म्हणजे दार उघडताना अंतर तपासलं जातंच असं नाही, काही गाड्या अजून ब्लूटूथवरच विश्वास ठेवतात. शिवाय चोरांनी दुसरी वाट काढलीच आहे. हेडलाइटमागच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरून चावी ओळखली गेली असा खोटा संदेश घुसवायचा, याचं सविस्तर वर्णन गाड्यांच्या नेटवर्कचे तज्ज्ञ केन टिंडेल यांनी २०२३ मध्ये केलं, आणि इथे चावीचा संबंधच येत नाही.

बाकी सोयी गाडीगणिक बदलतात. २००६ च्या व्होल्वो एस ८० च्या चावीत गाडीत कोणी दडून बसलंय का हे हृदयाच्या ठोक्यांवरून सांगणारी सोय होती, २०१५ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजच्या चावीवर चक्क स्क्रीन आली, फोर्डच्या मायकी चावीने घरातल्या नवशिक्या ड्रायव्हरचा वेग बांधून ठेवता येतो.

चावीतला सेल, बहुधा सीआर २०३२, संपला तरी माणूस अडकत नाही. चावीच्या पोटात एक धातूचं पातं लपवलेलं असतं आणि ते घालायचं भोक बऱ्याचदा हँडलच्या टोपणाखाली असतं. आत बसल्यावर चावी स्टार्ट बटणाला किंवा ठरलेल्या खाचेला टेकवायची, चिपला लागणारी वीज तिला गाडीच्या वेटोळ्यातूनच मिळते आणि सेलशिवाय ओळख पटते. उलट इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तर गाडी फक्त कोकलते, इंजिन बंद करत नाही, कारण चालत्या गाडीत सेल संपला म्हणून इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. पण याचमुळे, विशेषतः आवाज न करणाऱ्या हायब्रिड गाड्यांत, चावी घेऊन घरात गेलेल्या माणसाची गाडी बंद गॅरेजमध्ये चालूच राहते आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. तिथल्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ठराविक वेळाने इंजिन आपोआप बंद करण्याचा नियम आणण्याची तरतूद त्यासाठीच घातली गेली.