आधी कोणत्या पेशी मरतात?

दादरला प्लाझाकडून टिळक पूल ओलांडून हिंदू कॉलनीत घरी जाण्याचा, चाळीस वर्षे पायाखालचा रस्ता एखाद्या आजोबांना पुलाच्या मधोमध आठवेनासा होतो, तेव्हा हातातली भाजीची पिशवी मात्र ते पूर्वीसारखीच नीट सांभाळत असतात. अल्झायमरमध्ये सगळा मेंदू एकदम झिजत नाही.

आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे आपल्या रुग्णाच्या मेंदूतील, चेतापेशींत होणारे प्रथिनांचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले प्रथिनांचे गोळे यांचे वर्णन केले. हे गुंते कोणत्या क्रमाने पसरतात, याचे टप्पे हायको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये मांडले. सुरुवात एन्टोरायनल कॉर्टेक्स या, कानशिलामागच्या मेंदूच्या आतल्या बाजूच्या पट्ट्याच्या परिसरात होते, आणि स्मृतीबरोबरच दिशा व जागेचे भान राखण्यातही याच भागाचा वाटा असतो. १९९६ मध्ये तेथील दुसऱ्या थरातल्या चेतापेशी मोजल्या गेल्या, तेव्हा अगदी सौम्य आजारातही त्या सुमारे ६० टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या.

शेजारच्या पेशींतही जनुके तीच असताना याच पेशी आधी का मरतात? कोणते जनुक किती सक्रिय आहे, हे पाहणे ओघाने आलेच. पण बराच काळ ते ऊतीचा तुकडा वाटून मोजले जाई. पावभाजीच्या तव्यावरचा एक घास चाखून त्यात वाटाणा किती होता हे ठरवण्यासारखाच तो प्रकार. शिवाय चेतापेशीच कमी उरल्या असतील, तर त्यांच्या जनुकांचा आरएनए, म्हणजे सक्रिय जनुकाची पेशीत तयार होणारी प्रत, घटणारच. ती घट जनुक मंदावल्याची की पेशी मेल्याची, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे लेझरने निवडक पेशी कापून घेण्याचे तंत्र आले. ते उपयुक्त होते, पण वेळखाऊ.

खरा पालट एकेका पेशीच्या केंद्रकातला आरएनए वेगळा वाचण्याने झाला. गोठवलेल्या मेंदूत पेशी फाटतात, केंद्रके मात्र टिकतात. २०१९ मध्ये ४८ व्यक्तींच्या मेंदूंतील ८०,६६० केंद्रके वाचली गेली. त्यांत आजाराच्या सुरुवातीचे बदल पेशीच्या प्रकारानुसार वेगवेगळे दिसले, तर उशिरा वाढलेली जनुके बहुतेक प्रकारांत समान आणि मुख्यतः ताणाला तोंड देणारी होती.

अडचण उरली ती वेगळीच: नमुन्यात भेटतात त्या तगलेल्या पेशी. म्हणून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने ब्राक टप्पा शून्य (गुंते नसलेला), दोन (सुरुवातीचा) आणि सहा (शेवटचा) अशा दहा मेंदूंची तुलना केली आणि एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये घटत जाणाऱ्या उत्तेजक (पुढच्या पेशीला सक्रिय करणाऱ्या) चेतापेशींची खूण शोधली. ती खूण म्हणजे आरओआरबी हे जनुक. ऊतीचे काप रंगवून पाहिल्यावरही गुंते याच पेशींत अधिक आढळले.