रांग कुठे उभी राहते: लिनक्स राउटरवरच्या ट्रॅफिक शेपिंगची पार्श्वभूमी

लिनक्स राउटरवर शेपिंग (कोणता डेटा किती वेगाने बाहेर जाईल हे बांधून देणं) लावायला बसलं की पहिलीच सूचना नवख्याला खटकते. अपलोडची लाइन २० मेगाबिटची असेल तर राउटरला १९ सांगा, जमल्यास १८. पैसे वीसचे भरायचे आणि वापरायचे एकोणीस, हे कोणाच्याही गळी उतरत नाही. पण त्या सोडून दिलेल्या एका मेगाबिटमागे चाळीस वर्षांची कहाणी आहे, आणि ती वेगाच्या वाटणीपेक्षा रांगेची जास्त आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून जेमतेम चारशे यार्डांवर. पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हरवत होती, हरवली म्हणून पुन्हा पाठवली जात होती, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच आणखी हरवत होती. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी टीसीपीला (डेटा पोचवण्याच्या इंटरनेटवरच्या नियमावलीला) शिस्त लावली ती यानंतर: वेग अंदाज घेत वाढवायचा, पॅकेट हरवलं की मागे सरायचं. १९८८ मध्ये हे काम छापून आलं आणि इंटरनेट सावरलं. मात्र या शिस्तीत एक मेख होती. पॅकेट हरवल्याशिवाय टीसीपीला गर्दी कळत नाही. वाटेतल्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवणाऱ्या मेमरीत, जागा आहे तोवर तो भरतच राहतो. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

जॉन नेगल यांनी ही मेख १९८५ मध्येच कागदावर मांडली होती, आरएफसी ९७० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात. समजा, राउटरला अमर्याद मेमरी दिली. तरीही गर्दी वाढत गेली की पॅकेटं रांगेत उभ्या उभ्याच म्हातारी होतात आणि त्यांची मुदत संपते. म्हणजे बफर वाढवणं हा उपाय नाही. नेगल यांनी सुचवलं की प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळी रांग द्या आणि आळीपाळीने एकेक पॅकेट उचला, म्हणजे जो हावरटपणा करेल तो स्वतःचीच रांग तुंबवेल. १९९० मध्ये पॉल मॅककेनी यांनी हे स्वस्तात करण्याची युक्ती काढली: प्रवाहांचं (एकेका कनेक्शनच्या पॅकेटांचं) हॅश, म्हणजे गणिताने येणारा एक आकडा, काढून ते ठरावीक संख्येच्या रांगांत पसरवायचे. हीच एसएफक्यू. १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी रेड ही पद्धत आणली, बफर भरण्याआधीच अधूनमधून एखादं पॅकेट टाकून देणारी. कल्पना उत्तम होती, पण आकडे नीट बसवणं इतकं नाजूक काम की बहुतेकांनी ती चालूच केली नाही.

लिनक्समध्ये हे सगळं आलं ते २.२ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), जानेवारी १९९९ मध्ये. अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी रांगांची अख्खी यंत्रणा आणि ती चालवणारी टीसी ही कमांड लिहिली. कमांडची भाषा तेव्हाही रुक्ष होती, आजही आहे. बर्ट ह्यूबर्ट आणि इतरांनी लिहिलेली अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंगची मार्गदर्शिका नसती तर ती मूठभर लोकांपुरतीच राहिली असती.

त्या काळचं मुख्य हत्यार सीबीक्यू, लाइनचा वेग ट्रॅफिकच्या वर्गांत वाटून देणारं. ते लाइन किती वेळ रिकामी राहते याचा हिशेब ठेवून वेग ठरवायचं. त्यासाठी सरासरी पॅकेट किती बाइटांचं असेल हे आपणच आधी सांगायचं. अंदाज चुकला की वेगही चुकला. चेक प्रोग्रॅमर मार्टिन देवेरा यांनी याला पर्याय म्हणून एचटीबी लिहिलं आणि २००२ च्या अखेरीस ते २.४.२० मध्ये आलं. त्याचं तत्त्व कागदावर चार रेघांत समजतं. १००० किलोबिटची लाइन, तिच्याखाली दोन वर्ग, एकाला ६०० आणि दुसऱ्याला ४०० ची हमी, दोघांची कमाल मर्यादा १०००. प्रत्येकाच्या बादलीत ठरलेल्या वेगाने टोकन पडतात, जितकी टोकन तितके बाइट बाहेर. पहिला गप्प असेल तर दुसरा आई-वर्गाकडून, म्हणजे वरच्या अख्ख्या लाइनकडून, उसनं घेऊन १००० पर्यंत जातो, पहिला बोलू लागला की मुकाट ४०० वर परततो. इतकं सोपं झाल्यावर सीबीक्यूकडे कोण वळणार? तरी त्याचा कोड कर्नलमध्ये २०२३ पर्यंत पडून होता.

मला मात्र त्या काळातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते ती ह्यूबर्ट यांची वंडर शेपर नावाची छोटी स्क्रिप्ट. अपलोड चालू केलं की वेबपान उघडायला युगं लागतात, हा तेव्हाचा रोजचा अनुभव. सगळे म्हणायचे, बँडविड्थ कमी पडते. ह्यूबर्ट यांचं निदान वेगळं होतं: मोडेममधली रांग फार लांब आहे. हिशेब करून बघा. १५०० बाइटांची हजार पॅकेटं म्हणजे १२० लाख बिट. १ मेगाबिटच्या अपलोडवर ती रांग संपायला १२ सेकंद. त्यात मागे उभं राहिलेलं छोटंसं पॅकेट १२ सेकंदांनी बाहेर पडणार, मग वेग कितीही वाटा. मोडेमच्या आत हात घालता येत नाही. म्हणून राउटरचा वेग मोडेमपेक्षा किंचित कमी ठेवायचा. मग मोडेम कायम रिकामा, आणि रांग उभी राहते राउटरमध्ये, म्हणजे आपल्या ताब्यात. वीसच्या जागी एकोणीस लिहायचे ते यासाठी.

ही गोष्ट पुढची काही वर्षं विसरलीच गेली म्हणायला हरकत नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं, परवान्याप्रमाणे सोर्स कोड बाहेर आला, आणि पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली लिनक्स प्रणाली सुरू झाली. घरातल्या डबीवर एचटीबी चालवता येऊ लागलं. मग लोकांनी काय केलं, तर नियम लिहिले. हा पोर्ट (प्रत्येक सेवेचा क्रमांक) आधी, तो मागे, टोरेंट सगळ्यांत शेवटी. शेकडो ओळींच्या याद्या! त्यातली निम्मी मेहनत वाया गेली असं माझं मत आहे. पोर्ट बदलत राहिले, एन्क्रिप्शन आल्यावर आत काय आहे हे दिसेनासं झालं, आणि वर्गाच्या आतली रांग बहुतेकदा साधी, लांबलचकच राहिली.

तोवर मेमरी स्वस्त होत गेली आणि बफर फुगत गेले. २०१० मध्ये जिम गेटिस आपल्या घरच्या लाइनवरून मोठ्या फाइली पाठवत असताना त्यांना पिंग (पॅकेटला जाऊन परत यायला लागणारा वेळ) सेकंदाच्या पलीकडे गेलेला दिसला. खोदकाम केल्यावर हा प्रकार सर्वत्र सापडला. त्यांनी त्याला बफरब्लोट हे नाव दिलं आणि नावामुळे दुखणं चर्चेत आलं. डेव्ह टॉट यांनी सेरोडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं प्रयोगाचं फर्मवेअर उभारलं आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत याच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

२०१२ हे वर्ष निर्णायक ठरलं. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन (तेच, १९८६ वाले) यांनी कोडेल मांडलं. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ते बघतच नाही, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं एवढंच मोजतं. थांबण्याचा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर पॅकेट टाकायला सुरुवात. रेडसारखी आकड्यांची आराधना नाही. एरिक ड्युमाझेट यांनी ते लगेच लिनक्समध्ये लिहिलं, शिवाय मॅककेनींच्या जातीच्या १०२४ रांगा जोडून एफक्यू-कोडेल तयार केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये, ३.५ कर्नलमध्ये दोन्ही आली. नेगल यांची १९८५ मधली सूचना घराघरात पोचायला इतका काळ गेला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ४.१९ कर्नलमध्ये केक आलं, जोनाथन मॉर्टन आणि मंडळींचं. वेग बांधणं, रांगा वेगळ्या करणं आणि उशीर मोजणं हे सगळं एकाच जागी. नॅटच्या (घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीच्या) मागची यंत्रं ओळखून ते वाटणी यंत्रागणिक करतं, त्यामुळे तीस कनेक्शनं उघडणाऱ्याला तीसपट मिळत नाही. टेलिफोनच्या तारेवरच्या बऱ्याच डीएसएल लाइनींवर ४८ बाइट पाठवायला ५३ बाइटांची सेल (ठरावीक मापाचं पाकीट) खर्ची पडते, तोही हिशेब ते धरतं. वर्गांच्या याद्या लिहायला नकोत. मुख्यतः सांगायचा तो एक आकडा, लाइनच्या वेगापेक्षा थोडा कमी.

मोबाइलच्या लाइनवर अडतं ते याच आकड्यावर. तिथे वेग मिनिटामिनिटाला बदलतो. सकाळी बेतून लिहिलेला १९ संध्याकाळी जास्त ठरला की रांग गुपचूप पुन्हा मोडेममध्ये जाऊन बसते. म्हणून आता अशा स्क्रिप्टा वापरात आहेत ज्या सतत पिंग मोजतात आणि उशीर वाढला की केकचा आकडा स्वतःच खाली ओढतात.