शेकडा तीन आणि द. सा. द. शे.

बचत खात्यात १०० रुपये ठेवले आणि त्यांवर द. सा. द. शे. २ दराने व्याज मिळाले, तर पाच वर्षांनी खात्यात १०२ रुपयांपेक्षा जास्त रक्कम असेल, नेमकी तेवढी असेल की कमी? ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेतील पन्नाशी ओलांडलेल्या नागरिकांच्या पाहणीसाठी हा प्रश्न योजला. महागाई आणि जोखमीची विभागणी यांवरच्या आणखी दोन प्रश्नांसह तो आता जगभर आर्थिक साक्षरता मोजण्यासाठी वापरला जातो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या आमच्या महाविद्यालयात मी तो वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला विचारते, तेव्हा मुलींच्या बाकांवरून बहुधा ‘माहीत नाही’ असे उत्तर येते. त्यांतल्याच काही जणी घरी आईच्या बचत गटाची वही लिहितात.

‘माहीत नाही’ हे उत्तर अज्ञानाचे की संकोचाचे, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी तपासले. आधी हा पर्याय ठेवून आणि काही आठवड्यांनी तो काढून तेच प्रश्न त्याच माणसांना विचारले, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या अनेक स्त्रियांनी बरोबर उत्तरे दिली. स्त्री-पुरुषांच्या बरोबर उत्तरांमधील फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग ज्ञानाचा नसून आत्मविश्वासाचा निघाला.

दुसरी अडचण प्रश्नाच्या वेशाची आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर होती. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील २०२५ च्या अभ्यासातही हीच दरी दिसली आणि ती दोन्ही बाजूंनी होती: शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. म्हणजे एका ठिकाणचे गणित दुसरीकडे आपोआप जात नाही, ते हाताला धरून न्यावे लागते.

आमच्याकडे ही दरी व्याजाच्या भाषेतच आहे. पुस्तकातले व्याज वर्षाचे असते. सावकाराचे ‘तीन रुपये शेकडा’ महिन्याचे असते आणि ‘महिन्याला’ हा शब्द कोणी उच्चारतही नाही. धानाची सवाई तर हंगामाची: चार पायल्या (धान्याचे माप) नेल्या की पिकावर पाच परत. म्हणून मी सवाईपासून सुरुवात करते. सहा महिन्यांत २५ टक्के, म्हणजे वर्षाला ५०. फेड न होता व्याज मुद्दलात मिळाले, तर ५६.२५. शेकडा तीनचे सहा महिन्यांत १८ टक्केच होतात, तरी सवाई ऐकायला सौम्य वाटते. शेकडा तीनचे व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर २४ महिन्यांत कर्ज दुप्पट होते. मग उलट वाटेने येते: तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांना पडते, म्हणजे गावच्या हिशेबाने महिन्याला शेकडा ३३ पैसे. या आकड्यावर वर्ग हसतो. त्यानंतर एखादा मुलगा विचारतो, की सातबारा नावावर नसेल तर? प्रश्न रास्त आहे; सावकार रात्रीही दार उघडतो, आणि दर माहीत असूनही त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाला निरक्षर ठरवणे मला पटत नाही.

समावेशक अध्यापनात एकच आशय अनेक रूपांत मांडावा आणि उत्तरही अनेक प्रकारे स्वीकारावे, असे सांगितले जाते. त्यामुळे हे गणित मी फळ्यावर लिहिते, मोठ्याने वाचते आणि धानाच्या ढिगांनी टेबलावर मांडते. उत्तर झाडीबोलीत तोंडी दिले तरी चालते. गोंडी बोलणाऱ्या घरातली मुले आणि फळा न दिसणारा विद्यार्थी यांच्यासाठी केलेली ही सोय बाकीच्यांनाही उपयोगी पडते. दिव्यांगांच्या बाबतीत तर ती २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

एवढे करूनही अपेक्षा बेताच्याच ठेवाव्या लागतात. अनेक अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, लोकांच्या आर्थिक वर्तनातील फरकांपैकी जेमतेम ०.१ टक्का फरक आर्थिक साक्षरतेच्या शिक्षणामुळे स्पष्ट होतो, आणि काळ लोटला की तोही ओसरतो. म्हणून शिकवणे निर्णयाच्या जवळ असावे, असे ते संशोधक सुचवतात. चक्रवाढीचे प्रकरण आमच्याकडे दुसऱ्या सत्रात घेण्याची सवय आहे. मी ते पहिल्या पंधरवड्यात घेते, कारण एकदा रोवणे, म्हणजे भातलावणी, सुरू झाले की अर्धा वर्ग बांधीत, म्हणजे भातखाचरात, असतो.