एक बल्ब विझणं आणि अख्खा पट्टा विझणं: प्री-लिट ख्रिसमस ट्रीचे दोन वेगळे बिघाड

कारखान्यातूनच दिव्यांच्या माळा गुंडाळून आलेलं प्लास्टिकचं झाड, म्हणजे प्री-लिट ट्री, अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत डिसेंबरात उभं राहतं. मुलांना हवं असतं, आपल्यालाही हौस असते. खोक्यातून काढायचं, तीन भाग एकावर एक बसवायचे, प्लग लावायचा, झालं. काही हंगाम असे सुखात जातात आणि मग झाड कुरकुरायला लागतं.

त्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत सगळं झाड उजळलेलं असतं, फक्त इथे-तिथे एखादा बल्ब विझलेला दिसतो. दुसरीत झाडाचा एक सलग पट्टा, समजा मधल्या भागाची डावी बाजू, पूर्ण अंधारात असते. दोन्हींना आपण ‘बल्ब गेला’ असंच म्हणतो. पट्टा विझला की घरातले सगळे कामाला लागतात आणि एकटा बल्ब विझला तर ‘राहू दे, कोणाला दिसतोय’ म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. घाई करायची ती एकट्या बल्बासाठी. विझलेला पट्टा चार दिवस थांबला तरी झाडाचं काही बिघडत नाही.

हे का, ते कळण्यासाठी माळ कशी जोडलेली असते ते पाहायला हवं. इथे बोलतोय ते फिलामेंटवाल्या छोट्या बल्बांबद्दल. एलईडीकडे नंतर वळू. अमेरिकेत घरातला दाब १२० व्होल्ट असतो आणि हा छोटा बल्ब साधारण अडीच व्होल्टचा. म्हणून असे ५० बल्ब एकामागोमाग एक, एकाच सर्किटमध्ये ओवतात आणि १२० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. खोक्यावर ‘१०० दिव्यांची माळ’ लिहिलेलं असलं तरी आत ५०-५० च्या दोन स्वतंत्र रांगा असतात. माळेचा बरोबर अर्धा भाग जातो तेव्हा त्यांतली एक रांग गेलेली असते. मोठ्या झाडावर अशा बऱ्याच रांगा असतात आणि प्रत्येक रांग झाडाचा आपापला तुकडा उजळते.

जुन्या काळी अमेरिकेत १५ व्होल्टच्या आठ बल्बांच्या माळा मिळत. त्यांतला एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. आपल्याकडच्या जुन्या दिवाळीच्या माळांचाही तोच ताप होता आणि ‘एक गेला की सगळे जातात’ ही समजूत तिथूनच आपल्या डोक्यात बसली आहे. आजच्या छोट्या बल्बांत मात्र एक सोय केलेली असते. फिलामेंट ज्या दोन तारांवर ताणलेलं असतं, त्या तारांना खाली एका बारीक तारेचे वेढे दिलेले असतात. तिला शंट म्हणतात. तिच्यावर पातळ विद्युतरोधक थर असल्यामुळे एरवी तिच्यातून करंट जात नाही. फिलामेंट तुटलं की रांगेतला प्रवाह थांबतो आणि सगळेच्या सगळे १२० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागी येऊन ठाकतात. एवढा दाब त्या थराला सोसत नाही. तो फुटतो, शंटमधून करंट वाहू लागतो आणि बाकीचे ४९ बल्ब पुन्हा पेटतात. हे सगळं क्षणात होतं, आपल्याला कळतही नाही. दिसतो तो फक्त एक विझलेला बल्ब.

थोडक्यात, एकटा विझलेला बल्ब दिसला की समजायचं, शंटने आपलं काम चोख केलंय. आता ते १२० व्होल्ट ५० ऐवजी ४९ बल्बांत वाटले जातायत. पालखीच्या एका भोयाने खांदा काढून घेतला की उरलेल्यांवर वजन वाढतं, तसंच हे. एका बल्बाने वाढ होते जेमतेम दोन टक्क्यांची. पण फिलामेंटचं आयुष्य दाब वाढला की फार झपाट्याने घटतं, ढोबळ हिशेबाने दाबाच्या बाराव्या घाताच्या प्रमाणात. दोन टक्के जास्त दाब म्हणजे आयुष्य सुमारे एक पंचमांशाने कमी. रांगेत पाच बल्ब विझून राहिले तर प्रत्येकावर २.४ ऐवजी २.६७ व्होल्ट येतात आणि आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली जातं. दहा विझले तर बल्बामागे ३ व्होल्ट. अशी रांग फार दिवस टिकायची नाही.

म्हणून झाडाचा एखादा भाग बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरा, जास्त लखलखीत दिसायला लागला तर खूश होऊ नका. त्या रांगेत विझलेले बल्ब मोजा. ते बदललेत तर रांग वाचेल. माझ्या मते प्री-लिट झाडं मरतात ती मुख्यतः या दुर्लक्षाने.

आता दुसरी तऱ्हा. पट्टा अंधारात आहे म्हणजे रांग कुठेतरी तुटली आहे आणि शंटला ती सांधता आलेली नाही. बहुतेक वेळा बल्ब जळलेलाच नसतो, तो सॉकेटमधून सैल झालेला किंवा पार निघून पडलेला असतो. शंट बल्बाच्या काचेच्या आत असतो, त्यामुळे बल्बच जागेवर नसेल तर त्याचा काय उपयोग? काही झाडांच्या सॉकेटमध्ये स्प्रिंगची पत्ती असते आणि बल्ब काढला तरी ती सर्किट जोडून ठेवते, पण हे सगळ्या झाडांत नसतं. कधी बल्बाच्या तळाशी बाहेर आलेल्या दोन तारांपैकी एक वाकून आत गेलेली असते. कधी सॉकेट गंजलेलं असतं. कधी फांदी दुमडताना वायर ओढली जाऊन तुटते. कधी शंटचा थर फुटतच नाही. आणि एक गुंता नेहमी होतो: रांगेत एक बल्ब सैल असतानाच दुसऱ्याचं फिलामेंट तुटलं, तर पूर्ण दाब त्या तुटलेल्या जागी पोचत नाही आणि चांगला शंटही गप्प राहतो. तेव्हा आधी सैल बल्ब शोधायचे, जळलेले मागून.

या अंधाऱ्या रांगेत करंटच वाहत नाही. त्यामुळे तिच्यातले बाकीचे बल्ब ना तापतात, ना झिजतात. शनिवार-रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल.

शोधायचं कसं? प्लग काढून, अंधाऱ्या पट्ट्यातला एकेक बल्ब अंगठ्याने हलकेच आत दाबत जा. मग प्लग लावून बघा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर स्पर्श न करता चालणारा टेस्टर घ्या, तो हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. झाड चालू ठेवून तो वायरजवळ न धरता प्रत्येक बल्बाच्या अगदी जवळ न्या, कारण वायरींच्या पिळ्यात दुसऱ्या रांगेची जिवंत वायरही असते आणि टेस्टर फसतो. जिथवर टेस्टर वाजतो तिथवर दाब पोचतोय. ज्या दोन बल्बांच्या मधे तो वाजायचा थांबतो, त्या दोघांपैकी एक तुमचा गुन्हेगार.

तिसरं साधन म्हणजे लाइटकीपर प्रोसारखं छोटं पिस्तूल. विझलेल्या रांगेतला एक बल्ब काढून त्याच्या सॉकेटमध्ये याचं तोंड बसवायचं आणि घोडा काही वेळा दाबायचा. आतल्या स्फटिकातून उच्च दाबाचा झटका निघतो आणि अडून बसलेल्या शंटचा थर फुटतो. रांग पेटते, घरात टाळ्या पडतात आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. थांबू नका. पिस्तुलाने बल्ब दुरुस्त झालेला नाही. त्याने दुसऱ्या तऱ्हेच्या बिघाडाचं रूपांतर पहिल्या तऱ्हेत केलंय. ज्या बल्बाने पट्टा विझवला होता तो आता उजेडात एकटा काळा दिसेल. तो बदलल्यावरच काम पुरं.

काही जण जळलेला बल्ब सॉकेटसकट कापून वायरी एकमेकींना पिळून टेप लावतात. हे कधीही करू नका. टेपखालचा सांधा धोक्याचा आहेच, शिवाय उरलेल्या बल्बांवरचा तो वाढीव भार कायमचा करून ठेवला जातो.

सगळी माळच गेली असेल तर बल्बांच्या मागे लागण्याआधी प्लग पाहा. अमेरिकी माळांच्या प्लगमध्ये सरकत्या झाकणाखाली दोन छोटे फ्यूज असतात, बहुधा ३ अँपियरचे. नवा घातल्यावर पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा माळेला माळ जोडून भार जास्त झालाय. तेव्हा तिसरा फ्यूज घालायचा नाही. आणि झाडाचा अख्खा वरचा भाग गेला असेल तर खोडाचा सांधा किंवा त्या भागाचा प्लग आधी तपासा.

नवा बल्ब घेताना ५० च्या रांगेला २.५ व्होल्टचा आणि ३५ च्या रांगेला ३.५ व्होल्टचा लागतो, हे लक्षात ठेवा. प्लगजवळच्या चिठ्ठीवर ते छापलेलं असतं. दोन्ही बल्ब दिसायला जुळे असतात, पण चुकीचा घातला तर तो स्वतः तरी लवकर जातो किंवा बाकीच्यांना त्रास देतो. नव्या बल्बाचं प्लास्टिकचं बूड जुन्या सॉकेटात बसत नसेल तर खालच्या दोन बारीक तारा सरळ करून काच बाहेर ओढा आणि ती जुन्या बुडात ओवून तारा पुन्हा दोन बाजूंना वाकवा.

एलईडीच्या झाडाला वरचं गणित जसंच्या तसं लावू नका. तिथे फिलामेंट नाही आणि फिलामेंटच्या माळांचं पिस्तूलही चालत नाही. एलईडीसाठीचं साधन वेगळं मिळतं. दिवा उलटा बसवला तर पेटत नाही. बऱ्याच माळांत दिवे कायमचे बंद केलेले असतात, बदलताच येत नाहीत. भिंतीला अ‍ॅडॅप्टर लागत असेल तर सगळं झाड विझल्यावर पहिला संशय त्याच्यावर घ्या. एलईडीच्या जागी फिलामेंटचा बल्ब कधीच घालू नका.

दरवर्षी एखाद-दुसरी रांग बसत असेल, सॉकेट हिरवी-काळी पडली असतील, तर मी दुरुस्तीचा नाद सोडून सगळ्या माळा कापून काढायला सांगेन, अर्थात प्लग काढून. क्लिपा तोडत बसायला एक दुपार जाते, पण झाड चांगलं असेल तर त्यावर वेगळी एलईडी माळ चढवून ते पुढे अनेक वर्षं वापरता येतं. काढलेली फिलामेंटची माळ सुटकेसमधून भारतात मात्र नेऊ नका. तिथल्या २३० व्होल्टला ती लावल्या लावल्या जळेल.

आणि जानेवारीत झाड आवरताना, खोक्यात घालण्याआधी, ते एकदा पेटवून सगळ्या बाजूंनी फिरून पाहा. विझलेले बल्ब तेव्हाच बदला आणि उरलेले सुटे बल्ब, फ्यूज त्याच खोक्यात खोडाला बांधून ठेवा.