अवयव गमावल्यानंतरचे चालणे-फिरणे आणि स्वावलंबन: पार्श्वभूमी

इजिप्तमधील लक्सॉरजवळच्या प्राचीन दफनभूमीत एका स्त्रीच्या उजव्या पायाला बसवलेला लाकडी अंगठा सापडला. तो इ.स.पू. ९५० ते ७१० या काळातला मानला जातो. लाकूड आणि चामडे यांचे तुकडे एकत्र बांधून तो अशा रीतीने केला आहे की पाऊल उचलताना थोडा वाकावा. मृतदेह परलोकात सर्वांगाने जावा म्हणून तो मरणोत्तर जोडला असेल, अशी शंका पूर्वी घेतली जात असे. परंतु त्याच्यावर वापराची झीज दिसते, आणि २०१७ साली बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की तो त्या स्त्रीच्या पायाला नीट बसावा म्हणून एकदा नव्हे, तर अनेकदा दुरुस्त करण्यात आला होता. मला या साऱ्या इतिहासात हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. ‘इथे टोचते’ असे त्या स्त्रीने सांगितले असणार आणि कोणीतरी ते ऐकून हत्यार हातात घेतले असणार. पुढच्या सुमारे तीन हजार वर्षांत जिथे हे ऐकणे घडले तिथे काम पुढे गेले, आणि जिथे घडले नाही तिथे सुंदर दिसणारे अवयव कपाटात पडून राहिले.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेला अश्विनीकुमारांनी ‘आयसी जंघा’, म्हणजे धातूची तंगडी, दिल्याचा उल्लेख येतो. विश्पला ही स्त्री की शर्यतीची घोडी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तो पाय ‘सर्तवे’, म्हणजे धावण्यासाठी, दिला असे ऋचेत स्पष्ट म्हटले आहे. इटलीतील कापुआ येथे सापडलेला, लाकडी गाभ्यावर काशाचा पत्रा चढवलेला पाय साधारण इ.स.पू. ३०० च्या सुमाराचा होता. तो लंडनमध्ये जपून ठेवलेला असताना दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यात नष्ट झाला आणि आता त्याची प्रतिकृतीच पाहायला मिळते. जर्मन सरदार ग्योट्झ फॉन बेर्लिखिंगेन याने १५०४ साली लांड्सहूटच्या लढाईत हात गमावला, तेव्हा त्याच्यासाठी स्प्रिंगांचा लोखंडी हात घडवला गेला. अशा वस्तू चिलखते आणि कुलपे बनवणारे कारागीर करत, आणि त्या ज्यांना परवडत त्यांनाच मिळत. बाकीच्यांच्या वाट्याला कुबडी किंवा साधा लाकडी खुंटा येई.

फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोआझ पारे याच्यापासून शस्त्रक्रिया आणि कृत्रिम अवयव यांचा विचार एकत्र होऊ लागला. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याने पाय कापल्यावर जखम डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा मार्ग धरला, आणि पुढे गुडघ्याला खिट्टी असलेल्या पायाचे आराखडेही छापले. त्याच्या चित्रांत गरिबांसाठीचा लाकडी पाय वेगळा दाखवला आहे, ज्यात दुमडलेला गुडघा टेकवून माणूस उभा राहतो. नसलेल्या अवयवात रुग्णांना वेदना होतात, हेही त्याने नोंदवून ठेवले. १६९६ साली डच शल्यचिकित्सक पीटर फेरडाउन याने गुडघ्याखाली पाय गेलेल्यांसाठी असा पाय केला की ज्यामुळे स्वतःचा गुडघा मोकळा हलवता येई. भार मात्र मांडीभोवती आवळलेल्या चामडी पट्ट्यावर पडे. हा मांडीचा पट्टा पुढे अडीचशे वर्षे जवळजवळ तसाच राहिला.

कृत्रिम पाय किती उपयोगी पडणार, हे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागावर, म्हणजे खुंटावर, फार अवलंबून असते. भूल नव्हती तेव्हा शल्यचिकित्सकाची कीर्ती त्याच्या वेगावर ठरे. घाईत कापलेल्या हाडाच्या टोकावर पातळ, ताणलेली त्वचा उरे आणि तिच्यावर काहीही टेकवणे असह्य होई. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन याने ईथर देऊन मांडीतून पाय कापला. १८६७ साली जोसेफ लिस्टर याने कार्बॉलिक आम्लाने जखमेतील जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन्ही गोष्टींमुळे शल्यचिकित्सकाला वेळ मिळाला. हाडाची टोके गुळगुळीत करणे आणि स्नायूंची नीट गादी करून ती झाकणे शक्य झाले. आज निरोगी खुंट ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण ती या काळाची देणगी आहे.

कृत्रिम अवयवाविना स्वावलंबी होण्याचा मार्गही जुनाच आहे. ब्रिटिश नौसेनानी होरेशियो नेल्सनचा उजवा हात जुलै १७९७ मध्ये तेनेरीफच्या लढाईत गेला, आणि २७ जुलैला, म्हणजे दोन-तीन दिवसांतच, त्याने डाव्या हाताने पत्र लिहिले. त्या पत्रातील वेडीवाकडी अक्षरे पाहिली की त्या दिवसांतील जिद्द जाणवते. पुढे तो जेवताना सुरी आणि काटा एकाच दांड्यात असलेले साधन वापरत असे. एका हाताने कापता येणारी सुरी आजही पुनर्वसन केंद्रांत शिकवली जाते.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, सुमारे ६०,००० अवयवच्छेदने झाली. त्यांतल्या पहिल्या काहींपैकी एक जेम्स हँगर या अठरा वर्षांच्या मुलाचे होते. तोफगोळ्याने पाय गेल्यावर त्याला जड लाकडी पाय मिळाला. तो घरी परतला, काही महिने खोलीत बंद राहिला आणि पिंपाच्या फळ्या तासून गुडघ्यात वाकणारा पाय स्वतःच करून बाहेर आला. त्याच्याच हातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. १८६२ पासून संघराज्याच्या सरकारने आपल्या सैनिकांच्या कृत्रिम अवयवांचा खर्च उचलला. ही जबाबदारी शासनाची आहे, हा विचार तिथे रुजला. युद्ध संपताच विल्यम ओलँड बोर्न या संपादकाने उजवा हात गमावलेल्या सैनिकांसाठी डाव्या हाताने सुंदर अक्षर काढण्याची स्पर्धा घेतली. शेकडो सैनिकांनी आपली हकिकत डाव्या हाताने लिहून पाठवली. या स्पर्धेचा हेतू कारकुनीची नोकरी मिळावी हा होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण दया आणि काम देणे यांतला फरक त्यात कोणीतरी ओळखला होता.

पहिल्या महायुद्धात एकट्या ब्रिटनच्या सुमारे ४१,००० सैनिकांनी एक किंवा अधिक अवयव गमावले. लंडनजवळ रोहॅम्प्टन येथे १९१५ साली खास रुग्णालय सुरू झाले, जिथे पाय बसवणे, चालणे शिकवणे आणि धंदेशिक्षण देणे हे एकाच आवारात होऊ लागले. अॅल्युमिनियमचा हलका पाय त्याआधीच, विमान अपघातात पाय गमावलेल्या मार्सेल देसुटरसाठी त्याच्या भावाने घडवला होता. हाताच्या बाबतीत १९१२ सालचे डेव्हिड डोरन्सचे दुपाखी हूक अधिक टिकले. डोरन्सचा स्वतःचा हात लाकूड कापण्याच्या गिरणीत गेला होता. खांदा पुढे केला की पट्ट्यातून जाणारी दोरी ताणली जाते आणि हूक उघडते. रबर त्याला पुन्हा मिटवते. दिसायला ते हातासारखे मुळीच नाही. तरीही कष्टाची कामे करणाऱ्यांनी बोटे असलेल्या देखण्या हातापेक्षा ते पसंत केले, कारण दोरीच्या ताणावरून हूक किती उघडले आहे हे खांद्याला कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र एक मूलभूत प्रश्न विचारला गेला: माणूस चालतो म्हणजे नेमके काय करतो? १९४५ साली अमेरिकेत कृत्रिम अवयवांविषयी राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे एक केंद्र बर्कली येथील विद्यापीठात होते. तिथले अभियंते हॉवर्ड एबरहार्ट यांचा पाय युद्धकाळात धावपट्टीच्या चाचणीतील अपघातात गेला होता. अस्थिशल्यचिकित्सक व्हर्न इनमन यांच्याबरोबर त्यांनी चालण्याचा अभ्यास हाती घेतला. स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांच्या हाडांत बारीक खिळे बसवून, पाऊल टाकताना मांडीचे व नडगीचे हाड स्वतःभोवती किती फिरते, हे मोजण्यात आले. ज्या क्रियेला आपण साधे चालणे म्हणतो तिच्यात शरीर प्रत्येक पावलाला तोल सोडते आणि सावरते, कंबर किंचित झुकते व वळते, आणि हे सारे शक्ती वाचवण्यासाठी घडते, असे या मोजमापांतून स्पष्ट झाले. याच काळात घोट्याला सांधा नसलेले, टाचेत मऊ रबर असलेले पाऊल तयार झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गुडघ्याच्या वाटीखालच्या बळकट स्नायुबंधावर भार घेणारे सॉकेट, म्हणजे खुंट ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग, आले, आणि फेरडाउनच्या काळापासून चालत आलेला मांडीचा पट्टा बहुतेकांच्या अंगावरून उतरला.

तरीही टाचेत रबर असलेल्या त्या पावलाची रचना बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्या माणसासाठी होती. जयपूरच्या रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांना दिसले की दिलेले पाय टाकून लोक पुन्हा कुबड्यांवर जातात, कारण त्यांना उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, अनवाणी चिखलातून जायचे असते. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हाती यावरचा उपाय होता. व्हल्कनाइझ केलेल्या रबराचे, आत स्पंज रबर आणि लाकूड असलेले, सर्व बाजूंना लवणारे पाऊल १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हातून घडले, आणि पुढे युद्ध व भूसुरुंग यांनी पोळलेल्या अनेक देशांत पोहोचले. माझ्या मते या पावलाचे महत्त्व त्याच्या स्वस्ताईत नाही. नाकारलेला पाय पाहून रुग्णाला दोष न देता पायाला दोष देण्यात ते आहे.

खेळाच्या मैदानावरही हेच घडले. १९७६ साली टोरांटोच्या पॅरालिम्पिक स्पर्धांत अवयवच्छेदन झालेल्या खेळाडूंना प्रथमच स्थान मिळाले. हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून गमावलेला टेरी फॉक्स १९८० साली कॅनडात १४३ दिवस धावला आणि त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. त्याचा कृत्रिम गुडघा धावण्यासाठी केलेलाच नव्हता. तो पुढे येईपर्यंत वेळ काढायला फॉक्सला दुसऱ्या पायावर दोनदा उडी घ्यावी लागे. त्या दोन उड्यांत तंत्रज्ञानाची सगळी कमतरता उघडी पडली होती. १९७६ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स यांनी दाबली की ऊर्जा साठवणारी आणि सुटताना परत देणारी कार्बन फायबरची पावले तयार केली, आणि आजची धावण्याची पाती त्यांतूनच आली. १९९७ साली चालण्याच्या प्रत्येक टप्प्यावर संगणकाचे नियंत्रण असलेला गुडघा बाजारात आला, तेव्हा उतारावर गुडघा अचानक दुमडण्याची भीती कमी झाली.

पण पाय कितीही चांगला असला तरी सर्वांना तो दिवसभर वापरता येत नाही. दीर्घ शांततेच्या देशांत अवयवच्छेदनाचे मुख्य कारण युद्ध राहिले नाही; मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे, आणि असे रुग्ण बहुधा वयस्क असतात. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्याला चालण्यासाठी गुडघा वाचलेल्यापेक्षा बरीच जास्त शक्ती लागते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुडघा वाचवण्यावर भर आला. अनेकांसाठी व्हीलचेअर हाच फिरण्याचा खरा आधार असतो. घडी होणारी, मोटारीत मावणारी खुर्ची हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात केली. एव्हरेस्ट खाणीतील अपघातामुळे स्वतः खुर्चीवर होते. दोन्ही पाय गमावलेल्याच्या खुर्चीचा मागचा आस आणखी मागे घ्यावा लागतो, कारण पायांचे वजन गेल्याने तोल मागे सरकतो आणि चढावर खुर्ची उलटते.

ती खुर्ची पदपथाच्या कडेला अडली की तिचा उपयोग संपतो. अमेरिकेतील कॅलमझू शहरात १९४० च्या दशकातच, जखमी सैनिकांसाठी पदपथाच्या कडा उतरत्या करण्यात आल्या. १९७२ साली बर्कलीत एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. रॉबर्ट्स यांना पोलिओ झाला होता, अवयवच्छेदन नव्हे; पण त्यांनी मांडलेली व्याख्या सर्वांना लागू पडली. सगळे स्वतःच्या हातांनी करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे, तर कोणाची मदत केव्हा आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवणे म्हणजे स्वावलंबन, असे त्यांचे म्हणणे होते. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम १९ स्वतंत्रपणे राहण्याविषयी आणि त्यालाच लागून कलम २० वैयक्तिक हालचालींविषयी आहे. माणसाने आपल्या पसंतीच्या वेळी व पद्धतीने, परवडेल अशा खर्चात फिरावे, असे त्यात लिहिले आहे.

वेदनेचा प्रश्नही अजून सुटलेला नाही. नसलेल्या अवयवाच्या भासाला १८७१ साली फिलाडेल्फियाचे डॉक्टर वायर मिचेल यांनी ‘फँटम’ अवयव असे नाव दिले, आणि १९९० च्या दशकात मेंदूचे अभ्यासक विलयनूर रामचंद्रन यांनी आरशात धडधाकट हाताचे प्रतिबिंब दाखवून काहींची वेदना हलकी करता येते हे दाखवले. स्वीडनमध्ये १९९० साली हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून त्यालाच पाय जोडण्याची शस्त्रक्रिया प्रथम झाली. त्यामुळे सॉकेट लागत नाही, पण खिळा त्वचेतून बाहेर येतो तिथली जागा आयुष्यभर स्वच्छ ठेवावी लागते. जगभर बहुतेक लोक मात्र अजूनही सॉकेटच वापरतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले अनेक महिने खुंट आकसत जातो, म्हणून सॉकेट पुन्हा करावे लागते. पुढेही सकाळी घट्ट बसलेले सॉकेट दुपारपर्यंत सैल होते. मग कुठेतरी बसून पाय काढायचा, खुंटावर आणखी एक मोजा चढवायचा, त्वचा लाल झाली आहे का हे छोट्या आरशात पाहायचे आणि पाय पुन्हा घालायचा. कोणत्या वेळी किती मोजे लागतात, हे तो पाय वापरणाराच सांगू शकतो.