शॅडोज, द : दूरचित्रवाणीवरील जुनी सादरीकरणे

हँक मार्विन (प्रमुख गिटार), ब्रूस वेल्च (साथीची गिटार), जेट हॅरिस (बेस) आणि टोनी मीहान (ड्रम) या चौघांच्या ब्रिटिश गिटारवृंदाची १९५८ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणीवरील चित्रणे, आणि चाहत्यांकडून त्यांचा नव्याने चाललेला शोध. गायक क्लिफ रिचर्ड (जन्म लखनौ, १९४०) यांचा साथीदार वृंद म्हणून ‘ड्रिफ्टर्स’ या नावाने तो उभा राहिला. त्याच नावाचा अमेरिकी गायकवृंद आधीपासून असल्याने १९५९ मध्ये ‘शॅडोज’ हे नाव घेतले गेले. १९६० च्या ‘अपाची’ या गाण्याविना रचनेने ब्रिटिश विक्रीक्रमात पाच आठवडे पहिले स्थान राखले. वृंदाची पुढील कीर्ती सर्वज्ञात आहे.

मूळ प्रक्षेपणांपैकी फारच थोडी चित्रणे उरली आहेत. ‘ओ बॉय!’ हा आयटीव्ही या ब्रिटनमधील व्यावसायिक वाहिनीवरील कार्यक्रम (१९५८–५९) लंडनच्या हॅक्नी एम्पायर नाट्यगृहातून थेट दाखवला जाई; त्याचे मोजकेच भाग आज उपलब्ध आहेत. ‘थँक युवर लकी स्टार्स’ (१९६१–६६) आणि बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ (१ जानेवारी १९६४ पासून) यांचे साठच्या दशकातील बहुतेक भाग नष्ट झाले. दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येई. शिवाय पुनःप्रक्षेपणावर कलावंत संघटनांच्या करारांची बंधने असल्याने जुना कार्यक्रम जपण्यात प्रक्षेपण संस्थेला लाभ दिसत नसे. जे वाचले ते बहुधा पडद्यासमोर सिनेकॅमेरा लावून घेतलेल्या फिल्मप्रतींमुळे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध पद्धतशीर हाती घेतला. खाजगी संग्राहकांकडील रिळे त्यातून पुढे आली.

फिल्मप्रतीची एक मर्यादा या वृंदाच्या पदन्यासामुळे विशेष जाणवते. मूळ प्रक्षेपणात सेकंदाला ५० अर्धचित्रे (एकाआड एक ओळींची चित्रे) असत. फिल्मवर त्यांची २५ चित्रे होत आणि हालचाल तुटक दिसे. अलीकडे संगणकाने मधली चित्रे भरून मूळचा सलगपणा परत आणला जातो. संशोधकाने मात्र अशी सुधारित प्रत पुरावा म्हणून वापरताना मूळ प्रतही जवळ ठेवावी.

कालनिश्चिती : महाजालावर फिरणाऱ्या तुकड्यांवरील तारखा अनेकदा अंदाजी असतात. त्यामानाने सदस्य आणि वाद्ये यांचा आधार अधिक भरवशाचा. रिचर्ड ‘ओ बॉय!’मध्ये प्रथम १३ सप्टेंबर १९५८ रोजी आले. मार्विन व वेल्च त्यांना त्यानंतरच मिळाले, त्यामुळे त्या पहिल्या भागात मार्विन असल्याचा दावा टिकत नाही. मीहान १९५९ च्या आरंभी आले आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये गेले. त्यांच्या जागी ब्रायन बेनेट. हॅरिस एप्रिल १९६२ मध्ये बाहेर पडले. त्यांच्यानंतर ब्रायन लॉकिंग आणि १९६३ च्या अखेरीपासून जॉन रॉस्टिल. मार्विन यांच्या हाती लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर दिसल्यास चित्रण १९५९ किंवा त्यानंतरचे, बर्न्स कंपनीची गिटार दिसल्यास साधारणतः १९६४ च्या आसपासचे वा पुढचे. कृष्णधवल चित्रात लाल रंग ओळखू येत नाही, हे उत्साही चाहते विसरतात. तेथे गिटारचा आकारच पाहावा. रिचर्ड यांच्या ‘द यंग वन्स’ (१९६१) आणि ‘समर हॉलिडे’ (१९६३) या रंगीत चित्रपटांतील दृश्ये दूरचित्रवाणीची म्हणून सर्रास दिली जातात, तीही वगळावी लागतात.

दुसरा प्रश्न वादन खरे की अभिनित, हा. ‘थँक युवर लकी स्टार्स’मध्ये ध्वनिमुद्रिका वाजवून कलावंतांनी नुसता वादनाचा आविर्भाव करण्याची रीत होती. ‘अपाची’च्या मुद्रिकेत आरंभी व शेवटी येणारा चिनी ढोल स्वतः रिचर्ड यांनी वाजवला होता. चित्रात तो वाजवणारा कोणी नसताना ढोल हुबेहूब ऐकू येत असेल, तर संशय घेण्यास जागा आहे. मार्विन यांचा प्रतिध्वनी देणाऱ्या इटालियन मेआत्सी यंत्रावर अवलंबून असलेला स्वर थेट प्रक्षेपणात कसा उमटत असे, याचा पुरावा म्हणून त्यामुळे थोडेच तुकडे ग्राह्य ठरतात. पेहराव, मांडणी आणि पदन्यास यांसाठी मात्र अभिनित चित्रणेही तितकीच उपयोगी.

‘शॅडोज वॉक’ : मार्विन आणि वेल्च (बरेचदा बेसवादकही) गिटारींचे दांडे समांतर ठेवून एकाच वेळी पुढे, आडवे आणि मागे टाकतात ती छोटी, पाय ओलांडणारी पावले. या पदन्यासाच्या उगमाविषयी एकमत नाही. वेल्च यांच्याशी जोडली जाणारी हकीकत अशी, की मे १९५८ मध्ये जेरी ली लुइस यांच्या ब्रिटनमधील दौऱ्यात सोबत आलेल्या ट्रेनियर्स या अमेरिकी वृंदाच्या एकत्रित हालचाली पाहून ही कल्पना सुचली. दुसरा तर्क असा, की ‘ओ बॉय!’चे निर्माते जॅक गुड यांच्या काटेकोर प्रकाशयोजनेत आणि वायरींनी जखडलेल्या अरुंद जागेत एवढीच हालचाल शक्य होती. पहिली हकीकत वृंदाच्या निकटची आणि स्थळकाळाशी जुळणारी असल्याने अधिक ग्राह्य वाटते. दुसऱ्या कारणाने ती पावले आखूड राहिली असावीत. उरलेल्या चित्रणांत पदन्यास क्रमाक्रमाने नेटका होत गेलेला दिसतो, पण मधले दुवे गळाल्याने तो नेमका केव्हा स्थिरावला हे ठरवणे धाडसाचे ठरेल.

१९६८ च्या अखेरीस वृंद विसर्जित झाला. पुनर्रचनेनंतरची सादरीकरणे रंगीत आणि चांगल्या स्थितीत आहेत. त्यांपैकी २२ मार्च १९७५ रोजी स्टॉकहोम येथील युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेतील ‘लेट मी बी द वन’ सर्वाधिक पाहिले जाते. गाण्याविना रचनांसाठी ख्यात असलेला हा वृंद तेथे गायला, वेल्च एका ओळीत शब्द चुकले, तरीही नेदरलँड्सच्या टीच-इन या वृंदापाठोपाठ दुसरे स्थान मिळाले. चाहत्यांना यात मौज वाटते; वादनशैलीच्या अभ्यासाला त्याचा उपयोग बेताचा.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे साठच्या दशकात महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा वृंद तबकड्या, रेडिओ आणि चित्रपट यांतूनच परिचित होऊ शकत होता. वरील दूरचित्रणे येथील बहुतेकांनी प्रथम पाहिली ती महाजालावरच.